पान एकोणचाळीस

पियानोच्या पोटात चाळीसचा बल्ब जळतो, रात्रंदिवस.
गोव्याला कायमची जाताना मिस्किता मिस एवढंच म्हणाली,
एक वेळ याला उपाशी ठेव, ओला ठेवू नको.
वेंगुर्ल्यात हे सोपं नाही.
बंदरावरचा वारा फिरला की
वरचा सोल दाबला तसाच राहतो
मान खाली घालून, हट्टी मुलासारखा.
मी त्याला नखाने उचलते
आणि पुढच्या पट्टीवर उशिरा पोचते.

कन्चेर्तोचं पान एकोणचाळीस.
उजव्या हाताला चार, डाव्याला तीन,
आणि दोघांनी एकदमच घरी पोचायचं.
पेन्सिलने उभ्या रेघा मारल्या,
भाकरी थापताना मोजलं,
मेट्रोनोम साठवर आणला, मग पन्नासवर,
मग कपाटात ठेवला.
डबा द्यायला फॅक्टरीत गेले तर
आई काजू फोडत होती.
डावा हात बी ठेवतो, उजवा दांडा ओढतो,
पाय आपल्या चालीने दाबतो,
आणि तोंड शेजारणीशी भांडतं.
मोजतेस कसं गं?
"मोजूक गेलंय तर बोट जायत."

चौथ्या बोटाचं काय करावं मात्र कुणी सांगत नाही.
आपल्याकडे त्याला नावच नाही, अनामिका म्हणून भागवलं;
ज्याला हाकच मारली नाही कधी
ते करंगळीला सोबत घेऊन
अठरा मात्रा थरथरत राहील कशाला?
आठव्या मात्रेला मनगट दगड होतं.
हात गरम पाण्यात बुडवून मी पायरीवर बसते.
तळव्यावर लहानपणीचा डिंकाचा डाग,
अजून काळा.

आणि त्या उड्या.
डावा हात खालच्या टोकापासून
अडीच वीत लांब, डोळे मिटायच्या आत.
माझा हात लहान. नववी पट्टी कशीबशी, दहावी नाहीच.
शंभरदा झेपावले, शंभरदा शेजारच्या घरात पडले.
त्या दिवशी मागच्या बागेत विश्राम पाडेली सुपारी काढत होता.
एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीवर,
खाली न उतरता.
खिडकीतून ओरडले, विश्रामदा, उडी कशी मारतोस रे?
वरून आवाज आला,
"उडी मारूची नसता गो. पोफळ झुलवूची. ती नेता तुका."
मी परत स्टुलावर बसले.
हात सोडून दिला, कमरेतून झुलले.
पाचात तीनदा लागलं.
उरलेल्या दोनांचं विश्रामला सांगितलं नाही.

ऑर्केस्ट्रा म्हणजे तातू मेस्त्री.
भजनी मंडळाची पेटी, एक सूर फाटका.
त्याला स्टाफ वाचता येत नाही,
म्हणून साठ व्हायोलिनं, चार शिंगं आणि बासऱ्या
मी सा रे ग म मध्ये लिहून दिल्या,
फॅक्टरीच्या वजनाच्या पावत्यांवर, पाठकोऱ्या बाजूला.
त्याने चष्मा पुसला. सगळ्या पावत्या चाळल्या.
"सगळा बरा असा. पण सम खंय?"
मला उत्तर आलं नाही.
"बरां," तातू म्हणाला,
"तू खंय श्वास घेतंस ता बघतंय."

शुक्रवारी संध्याकाळी लाईट गेली,
पोटातला बल्ब विझला.
आम्ही थांबलो नाही, पान तोंडपाठ होतं.
चार आणि तीन घरी आले, थोडे पुढेमागे,
अनामिका नवव्या मात्रेपर्यंत टिकली,
झुलले, लागलं.
आणि वरचा सोल दाबला तो वर आलाच नाही.
पुन्हा त्याची पाळी आली
तेव्हा माझ्या बोटाखाली नुसतं लाकूड होतं.
सूर मात्र वाजला.
बाजूला, अंधारात, भाता जरा जोरात ओढून
तातूने तो पेटीवर दिला होता,
कुठल्याच पावतीवर नसलेला.

पान चाळीस एकेचाळिसाला चिकटलंय.
उद्या भाताच्या वाफेवर धरून सोडवीन.